दम्याचे इंजेक्शन आणि हातातला पंप

वाचकांचे प्रश्न, छातीविकारतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे दम्यावरच्या नव्या इंजेक्शनांविषयी आहेत. ऐन थंडीत दम्याच्या तक्रारी वाढतातच, पण या वेळी नाशिकच्या अनेक रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी 'बायोलॉजिक' हा शब्द पहिल्यांदा ऐकवला आहे आणि त्याबरोबर येणारे बिलही दाखवले आहे, त्यामुळे पत्रांमध्ये उत्सुकता आणि धास्ती दोन्ही आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे आणि वीस वर्षांपासून दमा आहे. पंप सकाळ-संध्याकाळ न चुकता घेते. तरीही गेल्या वर्षात चार वेळा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स करावा लागला आणि एकदा तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. वजन आठ किलोने वाढले, आता साखरही वाढलेली निघाली. डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शन सुचवत आहेत. हे स्टिरॉइडचेच इंजेक्शन आहे का? त्याने दमा मुळापासून जाईल का? (सातपूर)

उत्तर : ताई, हे स्टिरॉइडचे इंजेक्शन नाही. अटॅकच्या वेळी रुग्णालयात शिरेतून दिले जाते ते स्टिरॉइड निराळे आणि काही आठवड्यांच्या अंतराने त्वचेखाली टोचले जाणारे हे औषध निराळे.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि ही सूज टिकवून ठेवण्यासाठी प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना सतत रासायनिक निरोप धाडत असतात. गंगापूर धरणाच्या कालव्याखाली ज्यांची शेती आहे त्यांना पुढचे चटकन समजेल. स्टिरॉइडची गोळी मुख्य कालव्याचेच दार पाडते. नको असलेले पाणी थांबते खरे, पण ज्या शेतांना पाणी हवे होते तीही कोरडी पडतात. तुमची वाढलेली साखर आणि वजन, आणि असेच कोर्स चालू राहिले तर पुढे येणारा हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू, रक्तदाब, हे सगळे त्या कोरड्या शेतांतले नुकसान आहे. बायोलॉजिक औषध एकाच चारीचे, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या एकाच लहान पाटाचे, दार बंद करते. जिवंत पेशींकडून कारखान्यात तयार करवून घेतलेले ते एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) असते आणि ते ठरावीक निरोप किंवा तो निरोप घेणारी जागा तेवढी अडवते. ते प्रथिन असल्याने पोटात गेले तर पचून जाईल, म्हणून त्याची गोळी नसते, ते टोचूनच घ्यावे लागते.

या गटातले सर्वांत जुने औषध ओमॅलिझुमॅब. अमेरिकेत त्याला २००३ साली मान्यता मिळाली. ॲलर्जीत वाढणारे 'आयजीई' हे द्रव्य ते रक्तातच पकडते. त्याची मात्रा रुग्णाचे वजन आणि आयजीईची पातळी यांवरून ठरते, म्हणून एकाला महिन्यातून एकदा तर दुसऱ्याला पंधरा दिवसांनी टोचावे लागते. २०१५ साली आलेले मेपोलिझुमॅब आणि २०१७ साली आलेले बेनरालिझुमॅब ही दोन्ही औषधे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या मागे लागतात. मेपोलिझुमॅब प्रौढांना दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम देतात. बेनरालिझुमॅबच्या ३० मिलिग्रॅमच्या पहिल्या तीन मात्रा चार-चार आठवड्यांनी आणि त्यानंतरच्या आठ-आठ आठवड्यांनी असतात, ही गोष्ट नोकरी करणाऱ्यांना सोयीची वाटते. डुपिलुमॅब साधारणपणे दर दोन आठवड्यांनी घ्यायचे असते. दम्याबरोबर नाकात मस्से असतील किंवा अंगावर जुनाट खाजरा इसब असेल तर त्याचा विचार आधी होतो. टेझेपेलुमॅब हे २०२१ सालचे औषध निरोपांची साखळी अगदी सुरुवातीलाच तोडते. यांपैकी कोणते औषध कोणत्या दुकानात मिळते हा प्रश्न नंतरचा. तुमचा दमा कोणत्या चारीवर पोसला जातो हे आधी ठरले पाहिजे.

ते ठरवण्यासाठी रक्तातील इओसिनोफिलची संख्या, आयजीई, ॲलर्जीच्या चाचण्या आणि सोय असेल तेथे श्वासातील नायट्रिक ऑक्साइडची तपासणी करतात. येथे एक चूक वारंवार होते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना इओसिनोफिल तपासले तर आकडा खाली दिसतो आणि 'तुम्हाला इंजेक्शन लागू पडणार नाही' असा निष्कर्ष विनाकारण काढला जातो. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवडे जाऊ द्या आणि मग तपासा. एकदा कमी आला म्हणून तो आकडा अंतिम मानू नका. गेल्या दोन-तीन वर्षांतले जुने रिपोर्ट घरात असतील तर तेही घेऊन जा, त्यांतला एखादा चढा आकडा निर्णय बदलू शकतो.

आता दमा मुळापासून जाण्याविषयी. तो जात नाही. मेपोलिझुमॅबच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीव्र अटॅकचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत रोजच्या स्टिरॉइड गोळ्यांची मात्राही सरासरी निम्मी करता आली. ज्यांचा दमा औषधाला नेमका जुळतो त्यांना याहून जास्त फायदा होताना मी पाहतो, तर काहींना काहीच होत नाही. म्हणून हे औषध किमान चार महिने देऊन पाहायचे आणि मग हिशेब मांडायचा, अशी पद्धत आहे. तुम्ही आजपासूनच एक वही करा. त्यात अटॅकची तारीख, गोळ्यांचे कोर्स, रात्री खोकल्याने जाग आलेले दिवस आणि आराम देणाऱ्या पंपाचे पफ लिहून ठेवा. चार महिन्यांनी 'थोडे बरे वाटते' या उत्तरावर महिन्याचा पाच आकडी खर्च चालू ठेवणे योग्य नाही. वही पाहून ठरवणे योग्य.

तुमच्या पत्रातले वर्णन तीव्र दम्याच्या व्याख्येत बसते असे दिसते, कारण मोठ्या मात्रेचा पंप नियमित घेऊनही अटॅक येत आहेत. असे रुग्ण थोडे असतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासाचा अंदाज शंभर दमेकऱ्यांत चारच्या आसपास असा आहे. तुम्ही त्या चारांतल्या असाल तर डॉक्टरांचा सल्ला रास्त आहे. बाकी शहाण्णवांसाठी पुढचे पत्र आणि त्याचे उत्तर.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार, वय ५२. रक्तात इओसिनोफिल ९ टक्के आणि आयजीई २३०० आला आहे. निळा पंप जवळ असतो, महिन्याला एक संपतो. दुसरा मोठा पंपही दिलेला आहे, पण तो महाग असल्याने त्रास वाढला की आठ-दहा दिवस घेतो. पुण्याच्या मेव्हण्यांना जैविक इंजेक्शनने खूप फरक पडला. जैविक आहे म्हणजे साइड इफेक्टही नसणार. मला ते सुरू करता येईल का? (निफाड)

उत्तर : दादा, तुमच्या बागेत 'जैविक' म्हणजे ट्रायकोडर्मा, जिवामृत आणि रासायनिक फवारणीपासून सुटका. येथे त्या शब्दाचा अर्थ तसा नाही. हे औषध जिवंत पेशींच्या साहाय्याने बनते एवढ्यापुरतेच ते जैविक आहे. त्याला दुष्परिणाम आहेत, ते पुढच्या एका उत्तरात येतील.

तुमच्या पत्रातल्या ९ टक्के आणि २३०० या दोन आकड्यांपेक्षा मला 'महिन्याला एक' हा आकडा जास्त अस्वस्थ करतो. निळ्या पंपात साधारण २०० पफ असतात. महिन्याला एक म्हणजे दिवसाला सहा-सात पफ झाले. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षाला तीन किंवा अधिक असे पंप लागले की अटॅकचा धोका वाढतो आणि बारा लागले की दम्याने मृत्यू ओढवण्याचा धोका वाढतो. तुम्ही त्या बारावर आहात. निळा पंप नळ्यांभोवतालचे स्नायू चार-सहा तास सैल करतो, आतल्या सुजेला तो हातही लावत नाही. सूज कमी करणारे औषध तुमच्या त्या दुसऱ्या, 'महाग' पंपात आहे, आणि तोच तुम्ही पाहुण्यासारखा आठ-दहा दिवस बोलावून परत पाठवता. हा पंप रोज, ठरलेल्या मात्रेत, किमान तीन महिने घेतल्याशिवाय तुमचा दमा तीव्र आहे की केवळ अर्धवट उपचार झालेला आहे, हे कोणालाही सांगता येणार नाही. खर्चाचे म्हणाल तर एका इंजेक्शनाच्या पैशांत असे अनेक पंप येतात.

पंप घेतला तरी तो छातीत जातो का, हेही पाहावे लागते. माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाला मी पंप माझ्यासमोर ओढून दाखवायला सांगतो. परवाच एका गृहस्थांनी तोंड उघडे ठेवून पंप बोटभर लांब धरला, दाबला, आणि पांढरा ढग नाकासमोरून वर जाऊन ट्यूबलाइटच्या उजेडात विरला. अकरा वर्षे ते असाच पंप घेत होते. तुम्ही असे करून पाहा : पंप चांगला हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा, सावकाश श्वास आत घेऊ लागा आणि त्याच क्षणी पंप दाबा, चार-पाच सेकंद श्वास आत ओढत राहा, मग दहापर्यंत मोजून तो धरून ठेवा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने घ्या. सुजेच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर घशात बुरशी धरते. हाताचा आणि श्वासाचा मेळ जमत नसेल, आणि अनेकांना तो जमत नाही, तर काही शे रुपयांचा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, घ्या. त्याने वाया जाणारे औषध बरेच वाचते.

तुमच्या रिपोर्टमध्येही शोधण्यासारखे काही आहे. पांढऱ्या पेशी एकूण ८,००० असतील तर त्यांचे ९ टक्के म्हणजे ७२० इओसिनोफिल होतात, आणि हा आकडा नक्कीच चढा आहे. पण आपल्याकडे पोटातल्या जंतांमुळेही तो चढतो, म्हणून शौचाची तपासणी आणि जंतांचे औषध आधी. जंत पोटात ठेवून इओसिनोफिल कमी करणारे इंजेक्शन सुरू करणे धोक्याचे असते. दुसरे, २३०० आयजीई पाहिल्यावर ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी तपासलीच पाहिजे. ही बुरशी ओलसर कडबा, कंपोस्ट, कुजलेला पालापाचोळा यांवर वाढते आणि काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत मुक्काम ठोकते. खोकल्यातून तपकिरी रंगाचे चिकट गोळे पडतात का, हे आठवा. या आजारासाठी वेगळी रक्ततपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करतात, आणि त्यावर स्टिरॉइड किंवा बुरशीनाशक गोळ्यांचा ठरावीक उपचार आहे. तो न ओळखता थेट इंजेक्शनावर गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

भुरी या द्राक्षावरच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी बागेत होत असेल तर त्या दिवशी ती तुम्ही स्वतः करू नका आणि वाऱ्याखाली उभे राहू नका, कारण गंधकाची भुकटी श्वासनलिका चुरचुरवते आणि साध्या रुमालाने ती अडत नाही. चौथी गोष्ट लहान वाटेल. डोळ्यांत काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालता का, किंवा हृदयासाठी अथवा रक्तदाबासाठी कोणती गोळी घेता, हे डॉक्टरांना सांगा. बीटा ब्लॉकर गटातली औषधे, अगदी डोळ्यातला एक थेंबसुद्धा, दमा बिघडवू शकतात. मेव्हण्यांचा दमा त्यांचा आहे. या सगळ्यातून गेल्यावरही तीन महिन्यांनी अटॅक येतच राहिले तर तुमच्यासाठी इंजेक्शनाचा विचार मी स्वतः मांडेन.

प्रश्न : मी शिक्षिका असून पाच महिन्यांपासून मेपोलिझुमॅब घेत आहे. एकही अटॅक नाही, जिने चढते, वर्गात सलग बोलू शकते. म्हणून दोन महिन्यांपूर्वी पंप बंद केला, आणि चार वर्षांपासून रोज चालू असलेली १० मिलिग्रॅमची प्रेडनिसोलोनची गोळी तीन आठवड्यांपूर्वी सोडली. अलीकडे फार गळून जायला होते, उठताना चक्कर येते. इंजेक्शनाने अशक्तपणा येतो का? (इंदिरानगर)

उत्तर : ताई, हा अंक हाती पडेपर्यंत थांबू नये म्हणून आपल्याला संपादकांमार्फत आधीच कळवले होते, इतरांना उपयोग व्हावा म्हणून उत्तर येथेही देत आहे. हा अशक्तपणा इंजेक्शनाचा नसून गोळी एकाएकी सोडल्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टिरॉइड बनवणे जवळजवळ थांबवतात. चार वर्षे झोपलेल्या ग्रंथी तीन आठवड्यांत जाग्या होत नाहीत. अशा वेळी थकवा, चक्कर, मळमळ, रक्तदाब उतरणे असे होते आणि त्यातच ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर जिवावर बेतू शकते. सकाळच्या कॉर्टिसोलची, म्हणजे शरीराने स्वतः बनवलेल्या स्टिरॉइडची, तपासणी करून डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील आणि अनेक आठवड्यांत, कधी महिन्यांत, थोडी थोडी उतरवतील. गोळी सुटणे हेच आपल्या दोघांचे उद्दिष्ट आहे, फक्त तिला जिन्याने उतरवायचे असते.

स्टिरॉइड कमी होत असताना पायांना बधिरपणा, अंगावर लालसर-जांभळे चट्टे किंवा नवा छातीतला त्रास दिसला तर तेही लगेच कळवा, कारण गोळीखाली दबलेला रक्तवाहिन्यांचा एक दुर्मीळ आजार क्वचित अशा वेळी डोके वर काढतो.

पंपाविषयी माझे मत ठाम आहे. इंजेक्शन पंपाच्या जोडीला दिलेले असते, पंपाऐवजी नव्हे. आपण चांगल्या राहिलात तर पुढे डॉक्टर आधी गोळी, मग इतर जादा औषधे आणि शेवटी पंपाची मात्रा कमी करतील. पंप पूर्ण बंद मात्र करणार नाहीत. आपण हा क्रम उलटा केला.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला पहिली काही इंजेक्शने रुग्णालयात दिली. आता घरी द्यायला सांगितले आहे. पंचवटीत आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते. फ्रीज, प्रवास, टोचण्याची पद्धत, काही झाले तर काय करायचे, हे सगळे समजावून सांगाल का? (पंचवटी)

उत्तर : ही सगळी औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. फ्रीजच्या दारात ठेवू नका, कारण दार उघडझाप होताना तेथले तापमान सर्वांत जास्त खाली-वर होते. फ्रीझरच्या भिंतीलाही टेकवू नका, कारण एकदा गोठलेले औषध वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी ते टाकूनच द्यावे लागते. मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यातच, एखाद्या झाकणाच्या डब्यात ठेवलेले बरे. दोन-तीन तास वीज गेली तर फ्रीज उघडू नका, एवढे पुरे. बाहेर किती काळ टिकते हे औषधागणिक बदलते : मेपोलिझुमॅबचे न उघडलेले खोके ३० अंशांच्या आत सात दिवस चालते, बेनरालिझुमॅब २५ अंशांच्या आत चौदा दिवस. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत घरात २५ तर सोडाच, ३० अंशही पंख्याखाली मिळत नाहीत, म्हणून हे आकडे आपल्याकडे फार उपयोगाचे नाहीत हे लक्षात ठेवा. औषध दुकानातून आणताना थंड पेटी आणि बर्फाच्या पिशव्या मागून घ्या, आणि बर्फ खोक्याला थेट टेकू देऊ नका.

टोचण्याच्या दिवशी खोके अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गरम पाण्यात बुडवणे, उन्हात ठेवणे, हलवणे यांपैकी काहीही करू नका. इंजेक्शनाच्या पेनवर (कातडीशी दाबले की आपोआप टोचणारे उपकरण) असलेल्या पारदर्शक खिडकीतून औषध पाहा. गढूळ झालेले असेल किंवा त्यात कण तरंगत असतील तर वापरू नका. जागा मांडीचा पुढचा भाग किंवा पोट, पण बेंबीपासून चार बोटे दूर. दंडात द्यायचे असेल तर दुसऱ्याने द्यावे. दर वेळी जागा बदला, आणि तीळ, जखम, काळानिळा डाग असलेली जागा टाळा. कातडी पुसून ती वाळू द्या, नाहीतर स्पिरिट आत चुरचुरते आणि आई म्हणणार की इंजेक्शन झोंबले. पेन असेल तर ते कातडीशी काटकोनात दाबून धरा, पहिला 'टक' ऐकून घाईने उचलू नका. दुसरा आवाज आल्यावर किंवा खिडकीचा रंग बदलल्यावरही पाचपर्यंत मोजा. पेन लवकर उचलल्यामुळे अर्धे औषध मांडीवर ओघळल्याचे फोन मला दर महिन्याला येतात, आणि तो ओघळ काही हजार रुपयांचा असतो. नंतर जागा चोळायची नाही.

वापरलेली सुई घंटागाडीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून ती दवाखान्यात परत द्या. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या बोटांना तीच सुई लागते.

टोचलेल्या जागी लाली, थोडी सूज, डोकेदुखी, अंगदुखी हे नेहमीचे आहे आणि एक-दोन दिवसांत जाते. भीती असते ती तीव्र ॲलर्जीची. ओमॅलिझुमॅबमध्ये ती हजारांत एखाद-दुसऱ्याला झालेली दिसते, म्हणूनच त्याच्या पहिल्या मात्रा देखरेखीखाली देऊन रुग्णाला बसवून ठेवतात. मात्र ती उशिरा किंवा अनेक मात्रांनंतरही होऊ शकते. अंगावर गांध्या, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, एकदम घाम येऊन डोळ्यांसमोर अंधारी, यांपैकी काही दिसले तर पंपावर वेळ घालवू नका. आईला आडवे करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसवा, आणि १०८ला फोन करा. तीव्र ॲलर्जीवर तातडीने द्यायच्या ॲड्रेनॅलीनची सिरिंज घरी ठेवावी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन शनिवारी रात्री न देता कामाच्या दिवशी सकाळी द्या, म्हणजे गरज पडली तर दवाखाना उघडा असेल.

फ्लूची लस या औषधांबरोबर चालते. जिवंत जंतूंची लस घ्यायची वेळ आली तर आधी विचारा.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. पत्नीच्या इंजेक्शनाचा दावा विमा कंपनीने 'रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता' म्हणून फेटाळला. सरकारी मदत काही मिळते का?

उत्तर : विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली काढलेल्या सूचनांत आधुनिक उपचारांची एक यादी दिली आहे आणि तीत मोनोक्लोनल अँटिबॉडीचे इंजेक्शन स्पष्टपणे आहे. हे उपचार रुग्ण दाखल असो वा डे-केअर (रात्रीचा मुक्काम न करता रुग्णालयात घेतलेला उपचार) असो, पॉलिसीतून वगळता येत नाहीत. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा मात्र घालू शकते. पत्नीचे औषध याच प्रकारचे आहे. म्हणून इंजेक्शन बाह्यरुग्ण पावतीवर न घेता रुग्णालयात डे-केअर म्हणून घ्या, डॉक्टरांकडून 'तीव्र दमा, मोनोक्लोनल अँटिबॉडी उपचार' असे लिहून घ्या, अटॅक आणि दाखल झाल्याची जुनी कागदपत्रे जोडा आणि या यादीचा उल्लेख करून लेखी फेरविचार मागा. तरी नकार आला तर विमा लोकपालांकडे जाता येते. दमा आधीपासूनचा आजार म्हणून अर्जात नोंदवला होता का, हेही पाहा. एप्रिल २०२४ पासून अशा आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, पण लपवलेल्या आजाराला हे संरक्षण मिळणे अवघड जाते.

तुमचे वेतन २१,००० रुपयांच्या आत असून ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) कार्ड असेल तर तज्ज्ञांच्या शिफारशीसह तेथे विचारणा करा. औषध मेपोलिझुमॅब असेल तर एक दिलासा आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे दुकानदाराने लावलेले बिल त्या दृष्टीने तपासा. काही औषध कंपन्या ठरावीक मात्रांनंतर सवलत देतात. ती डॉक्टरांमार्फतच मिळते, तेव्हा संकोच न करता विचारा. आणि सुरू करण्यापूर्वीच वर्षभराचे गणित मांडा. दोन महिने घेऊन पैशांअभावी सोडलेल्या औषधाने काय साधले, हे नंतर कोणालाच कळत नाही.

काही छोटी उत्तरे

कॉलेज रोडवरील पालकांना : अकरा वर्षांच्या मुलीला हे औषध देता येते. ओमॅलिझुमॅब सहा वर्षांपुढील मुलांना दिले जाते. मात्र मुलांमध्ये पंपाची पद्धत, शाळेतली धूळ, घरातले मांजर आणि आजोबांची विडी यांची चौकशी मी आधी करतो.

'हे जन्मभर घ्यावे लागेल का', असे विचारणाऱ्या तिघांना : वर्षभर उत्तम गेले, तोंडाने घ्यायचे स्टिरॉइड सुटले, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहता येते. तीन वर्षे मेपोलिझुमॅब घेतलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत ज्यांचे औषध थांबवले त्यांना अटॅक अधिक आले, म्हणून मी थांबवण्याची घाई करत नाही आणि थंडीच्या तोंडावर तर मुळीच नाही.

मृगाला हैदराबादला दिल्या जाणाऱ्या माशाविषयी विचारणाऱ्या आजोबांना : त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. जायचेच असेल तर गर्दीत निळा पंप खिशात असू द्या आणि इंजेक्शनाची तारीख चुकवू नका.

मेरीवरील काकूंना : एकादशीला इंजेक्शन घेतलेले चालते, उपवासाचा त्याच्याशी संबंध नाही. स्टिरॉइडची गोळी असेल तर ती मात्र भगर खाल्ल्यावर घ्या, रिकाम्या पोटी नको.